इंजिनातलं खारं पाणी

आमचे बाबा कुठलीही वस्तू जिभेला लावल्याशिवाय खरी मानत नसत. दूध आलं की बोट बुडवून चाखायचे. रॉकेलचा डबा आला की झाकणाला लागलेला थेंब जिभेवर घेऊन लगेच थुंकायचे. एकदा तर आईने आणलेल्या नव्या साबणाचीही त्यांनी चव बघितली होती आणि दिवसभर तोंड वाकडं करून बसले होते. समोर कुणीही येवो, दुकानदार, पोस्टमन, नात्यातला माणूस, हा आपल्याला कुठे गंडवतोय ते आधी शोधायचं आणि मग त्याला चहा विचारायचा, अशी त्यांची रीत. त्यांना नुसतीच नावं ठेवून चालणार नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत शेत गेलं, मिठागर बंद पडलं, आणि त्या वेळी गोड बोलून गेलेली माणसं पुढे ओळख दाखवेनाशी झाली होती. तो स्वभाव माझ्यातही पुरता उतरला आहे. आजही भाजीची जुडी घरी आणली की मी दोरा सोडून आतली पानं बघते, आणि सून हसते. हसू दे. आत सडकी पानं निघतात तेव्हा तीच मला हाक मारते.

आमचं घर नावड्याच्या अलीकडे, खाडीला पाठ करून उभं. समोरून तळोज्याच्या कंपन्यांचा वास यायचा आणि मागून चिखलाचा, त्यामुळे दार कुठलं उघडायचं हे आई वाऱ्यावर ठरवायची. सकाळी कंपनीचा भोंगा वाजला की कोंबड्या खुराड्यात उड्या मारायला लागत. घरात बाबा, आई, मी, आणि बाबांचे धाकटे भाऊ नानाकाका आणि काकू. चूल एकच. एकीने तांदळाची भाकरी थापायची आणि दुसरीने कालवण बघायचं, असं दोघी जावांचं वर्षानुवर्षं चाललेलं. नानाकाकांचं आयुष्य मिठागरावर गेलं होतं, आणि ते बंद पडल्यापासून ते ओहोटीला खाडीत उतरून निवट्या पकडून आणायचे. चिखलात तुरतुर पळणारे ते मासे चिंचेच्या कोळात शिजले की घरातलं कुणीही कुणाशी भांडायला मोकळं नसायचं. ते कालवण खाताना बाबासुद्धा चाखून बघायचं विसरत.

घराच्या मागे, करंजाच्या झाडाखाली, विटांवर चढवलेला आजोबांचा ट्रक उभा होता. पुढे लांब नाक असलेला, जुन्या धाटणीचा. आजोबांचा आधी पडाव होता, माल वाहायची मोठी शिडाची होडी. मिठागरावरचं मीठ भरून ते खाडीतून न्यायचे. मीठ खाडीऐवजी रस्त्याने जायला लागलं तसा पडाव विकावा लागला, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी हा ट्रक आणला, तोही कुणाचा तरी वापरलेला. पडाव देताना त्यावरची ‘एकवीरा’ नावाची फळी मात्र त्यांनी उपटून घेतली आणि ट्रकच्या काचेवर बोल्टने आवळली. त्यामुळे घरात ट्रकला कुणी ट्रक म्हणत नसे, ‘ती’ म्हणत. आजोबा गेले, ड्रायव्हरने दुसरीकडे नोकरी धरली, आणि ती तिथेच बसली. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. नाकाचा पत्रा उन्हात चांगला तापायचा म्हणून आई त्यावर सुकट वाळत घालायची.

बाबा कामाला होते ती तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हा ते काही दिवस ओट्यावर नुसते बसून राहिले. मग एक दिवस वाशीच्या मार्केटात जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी बॉनेटवरची सुकट खाली काढायला सांगितली. कांद्याचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा निघाला होता. वाशीहून पेण, अलिबागकडे त्याचा माल जायचा. तो म्हणाला होता, गणपतीच्या आत गाडी उभी कर, फेऱ्या तुझ्या. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल. आमच्या घरात दुसरीकडून पैसा येण्याची आशाच नव्हती. ती चालली तर घर चालणार, हे मलाही कळत होतं. फक्त नानाकाकांना ते पटलेलं नव्हतं. जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, “दादा, भंगारवाल्याला दे. ती जागा मोकली झाली तं चार खोल्या निघतील. कंपनीवाली पोरा भाड्याना घेतील.” बाबा म्हणाले, “बाची गाडी भंगारान घालू?” काकांनी पुढचा घास घेतला. पण काकांचं ते वाक्य बाबांनी मनात ठेवून दिलं, आणि त्यांच्या मनात ठेवलेली वस्तू कधी हरवत नसे.

कळंबोलीहून सुभान मिस्त्री आला. गालात पान, खांद्यावर टॉवेल, आणि कुठल्याही प्रश्नाला पहिलं उत्तर, “हो जायेगा सेठ.” इंजिन उघडलं तर पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. डिझेल ओतून ते भिजत ठेवले, रोज दांडा घालून हलवून बघायचं, रोज काही नाही. सुटले तेव्हा मिस्त्रीने असा आरडाओरडा केला की शेजारचे लोक काठ्या घेऊन आले. पण बाबांना आनंदापेक्षा त्याच्या झोळीचं कोडं जास्त पडलेलं. जाताना झोळी जड का दिसते? आपल्या गाडीतलं चांगलं काढून हा जुनं तर बसवत नाही? शेवटी त्यांनी मला बोलावलं. माझं बारावीनंतरचं रिकामं वर्ष होतं आणि माझ्याकडे नेलपेंटची एक लाल बाटली होती. त्या बाटलीने मी इंजिनातल्या प्रत्येक सुट्या भागावर मिस्त्रीच्या नकळत एकेक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी त्याने वॉल्व्ह हातात घेतला, उन्हात फिरवून बघितला आणि माझ्या नखांकडे बघितलं. “क्या सेठ,” तो बाबांना म्हणाला, “इंजिनाची हळद हाय काय आज? मेरेपे शक करता क्या?” बाबा मुळीच लाजले नाहीत. म्हणाले, “तुझ्यावर नाय. सगल्यांवर हाय.”

पहिल्यांदा ती सुरू झाली त्या दिवशी निम्मा गाव मागच्या अंगणात होता. आधी खोकली, मग काळा धूर सोडला, आणि मग असा आवाज काढला की करंजावरचे कावळे उडाले. आईने डोळ्यांना पदर लावला. काकूने नारळ फोडला. बाबांनी तिला नावड्याच्या नाक्यापर्यंत नेलं आणि येताना नाकातून वाफ यायला लागली. घरी येईपर्यंत वाफेत गाडी दिसेना. मिस्त्रीने तेलाची कांडी ओढून बघितली, तर तेलाचा दुधाचा चहा झालेला. पाणी तेलात उतरलं होतं. हेडखालचं गॅस्केट जळलं, तो म्हणाला. नवीन आणलं, मी त्यावरही ठिपका दिला, बसवलं, पुन्हा सुरू केली. पुन्हा नाक्यापर्यंत गेली आणि पुन्हा तशीच वाफ ओकत आली. व्यापाऱ्याचा निरोप आला की गणपती जवळ आले. मिस्त्री आता “हो जायेगा” म्हणेनासा झाला. गाडी म्हातारी आहे, जिद्द सोडा, म्हणायला लागला. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याला कुणीतरी हे बोलायला शिकवून पाठवलंय.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मिस्त्रीने रेडिएटर खाली उतरवला. खालचा कॉक सोडला तर पाणी धड येईना, तांबूस, गढूळ, थांबून थांबून यायला लागलं. आम्ही सगळे भोवती उभे होतो. बाबा खाली वाकले, त्या धारेखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो. ते थुंकले नाहीत. सावकाश उभे राहिले आणि म्हणाले, “खारा हाय.” मिस्त्रीनेही चाखलं. “सच्ची. किसीने नमक डाला सेठ. अंदरसे सड जाता है.” आमच्या घरी नळ आला होता आणि इंजिनात पाणी नळाचंच जायचं, मी स्वतः बादल्या भरून ठेवायचे. ते पाणी खारं व्हायला कुणाचातरी हात लागणार होता. बाबा कुणाचं नाव बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान वर केली आणि ओट्यावर जाळं सोडवत बसलेल्या नानाकाकांकडे बघितलं. मग आईने बघितलं. मग मी. काकांच्या हातातलं जाळं थांबलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातून मीठ हा शब्द गेला. कालवण अळणी झालं तरी कुणी काही म्हणेना. मागितलं असतं तर काकूला वाटलं असतं टोमणा मारला, आणि काकूने आपणहून पुढे केलं असतं तर आईला वाटलं असतं, हिला फार मिठाची आठवण. आईने बरणी फडताळातून काढून आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवली. भाकरीच्या पिठात चिमूट घालायची तरी ट्रंक उघडायची, कुलपाचा आवाज व्हायचा आणि चुलीपाशी बसलेली काकू लाकूड उगाचच जोरात आत सारायची. एक दिवस तिला राहवलं नाही. “वहिनी,” ती म्हणाली, “माझे नवऱ्यावर आल घेतला हाय ना? मना सरल सांगा. मी त्याला इच्यारते.” आई भाकरी थापत राहिली. “मी कुनाचा नाव नाय घेतला,” ती म्हणाली. नाव घेतलं नाही हेच तर वाईट होतं. घेतलं असतं तर भांडण होऊन मिटलं असतं. नानाकाका निवट्या आणेनासे झाले. जेवायला बसले तरी पाठ भिंतीकडे न करता दाराकडे करून बसायचे. बाबांनी मला एकटीला सांगितलं की यात नानाच निघाला तर चूल वेगळी, घराला मधून भिंत, आणि त्याचं तोंड बघायचं नाही. त्यांनी नानाकाकांना पाठीवर घेऊन मिठागर दाखवलं होतं, लहानपणी. हे मला आत्याने सांगितलेलं.

मला नानाकाका फार आवडायचे, तरी मी त्यांच्यावर नजर ठेवली, आणि खरं सांगायचं तर पूर्ण मन लावून ठेवली. त्यांचे पाय कधी ओले असतात, खाडीकडे जाताना हातात काय असतं, येताना काय, सगळं. त्यांची चार खोल्यांची हौस तर आम्हाला माहीतच होती. आता त्या जागेकडे बघते तेव्हा गंमत वाटते. करंज गेला, तिथे आज भाड्याच्या खोल्याच आहेत, वरून मेट्रो जाते आणि खोल्यांतली पोरं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण तेव्हा त्या खोल्या म्हणजे एका भावाने दुसऱ्याच्या गळ्यावर ठेवलेली सुरी, असंच मला दिसत होतं. मिस्त्रीने रेडिएटरच्या नळ्या साफ करून आणल्या, हेड पुन्हा घासून आणलं, सगळं बसवलं आणि म्हणाला, उद्या सकाळी पाणी भरून चालू करू. बाबांनी बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मी वाशीला चाललो, संध्याकाळी येईन. पायात चप्पल घालून पुढच्या दाराने गेले आणि शेजाऱ्याच्या परसातून मागे येऊन केबिनमध्ये खाली दडून बसले. मी आधीच आत होते. सीटच्या फाटक्या रेक्झिनला कोंबड्यांचा वास होता आणि पत्रा तापून अंगातून घाम निथळत होता.

भरती लागायची वेळ झाली तसे नानाकाका खाडीकडून आले. भर दुपारी, उघडपणे. हातात लपवलेला तांब्या असता तर मी समजले असते. त्यांच्या खांद्यावर कळशी होती, तोंडाशी आंब्याची डहाळी खोचलेली. बाबांनी माझा दंड असा धरला की मला ओरडावंसं वाटलं. काका नाकापुढे आले, कळशी खाली ठेवली, चपला काढल्या. साखळी दिसली तसे थांबले. कुलूप हातात घेऊन त्यांनी नुसतं बघितलं आणि मग तिलाच म्हणाले, अगदी घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं, “आता तुझा तोंड पन बंद केला गो यानी. पाजू कसा?” बाबांनी दार लाथेने उघडलं आणि खाली उडी मारली.

“सापडलास,” बाबा ओरडले. “खाडीचा पानी! बाची गाडी मारतंस? खोल्यांसाठी?”

नानाकाका हलले नाहीत. पळाले असते तर सोपं झालं असतं. “मारत नाय, दादा. पाजतंय,” ते म्हणाले. “बा पाजायचा तसा.”

“काय पाजायचा?”

“पडाव बाहेर काढताना बा खाडीचा पानी नालीवर नाय ओतायचा? पानी पाजल्याबिगार ती निघत नाय, बोलायचा. कुनाला सांगायचा नाय, बोलायचा, खाडीचा तोंड पार होईपावत. मंग ही आली. हिला पन पाजायचा. मी बघलाय, रोज सकाली नाक उघडून आत ओतायचा. वर नाय, आत. मी येवढासा व्हतो, पन बघलाय.”

पडावाच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ओंजळभर खाडी वाहायची आमच्या घरची रीत बाबांनाही माहीत होती. आणि आजोबा ट्रकमध्ये सकाळी जे ओतायचे, ते इंजिन थंड राहावं म्हणून ओतलेलं विहिरीचं साधं पाणी होतं, हेही त्यांना माहीत होतं. एका पोराने दुरून ते दोन्ही बघितलं होतं आणि मनात एक करून ठेवलं होतं. मिठागरावर राबलेल्या माणसाला इंजिनाशी काय करायचं होतं? कुणी कधी सांगितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही.

“आन कलशी?” बाबांनी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता. “ओंजल का नाय?”

“येवढी मोठी गाडी,” काका म्हणाले, “ओंजलीना तिचा काय व्हनार?”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी जे विचारलं ते मीही विचारलं असतं. “तू तं भंगारान दे बोलत व्हतास. मंग ती चालावी म्हनून पाजतंस कशाला?” नानाकाकांनी तोंड फिरवलं. “बोललो खरा,” ते म्हणाले. “पन तू नट खोलाया बसलास ना, तवा पाठमोरा बा दिसलास. मंग मना पन वाटला चालावी. बोलू कसा? आधी बोललेला गिलू कसा?” ते तिथेच खाली बसले. काकू दारात उभी होती. ती आत गेली आणि आईच्या ट्रंकेपुढे जाऊन उभी राहिली. आईने ट्रंक उघडली, बरणी काढली आणि चुलीशेजारी होती तिथे ठेवली.

बाबांनी विश्वास ठेवला का? मला आजही सांगता येत नाही. त्यांनी घराला भिंत घातली नाही हे खरं. मिस्त्रीला सगळं कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याचं पान शर्टावर आलं. “मैं बोला ना, गाडी बुढ्ढी नहीं है,” तो म्हणाला, जे तो कधीच बोलला नव्हता. रेडिएटर आतून पूर्ण बदलून घेतला, नळाचं पाणी भरलं, आणि या वेळी ती नाक्यापर्यंत गेली, नाक्याच्या पुढे गेली, आणि थंड नाकाने परत आली. गणपतीच्या आधी पहिली फेरी निघाली. सकाळी बाबा स्टिअरिंगवर बसले, मग काय वाटलं, खाली उतरले. नानाकाका दारात उभे होते. बाबा म्हणाले, “ओत. पन बाहेरशी.” काका तांब्या घेऊन आले. ते नाकावर पाणी ओतत होते तेवढा वेळ बाबा बॉनेटच्या कुलपावर हात ठेवून उभे होते. ओतून झालं तसं ते म्हणाले, “चल, बस.” काका क्लीनरच्या बाजूला चढले आणि पुढे जेवढी वर्षं ती चालली तेवढी वर्षं ते तिथेच बसले. कांदे भरले, उतरवले, रात्री-अपरात्री पंक्चर काढली, बाबांना झोप लागू नये म्हणून अख्खा घाट बडबड केली. बॉनेटच्या कुलपाची किल्ली मात्र बाबांच्या करगोट्याला होती. ती त्यांनी काकांच्या हातात कधी दिली नाही, आणि काकांनीही कधी मागितली नाही.

ट्रक शेवटी भंगारात गेलाच. फळी माझ्याकडे आहे, दिवाणखान्यात, सुनेला आवडत नाही तरी आहे. बाबा गेले ते घरीच, सकाळच्या उन्हात, ओट्याकडे तोंड करून घातलेल्या खाटेवर. दोन दिवस बोललेच नव्हते. डॉक्टर हात झाडून गेले होते. आत्या म्हणाली, आता कुणीतरी तोंडात पाणी घाला. नानाकाका तेव्हा स्वतः काठी टेकत चालायचे. ते आत गेले, तांब्या आणि तुळशीचं पान घेऊन आले, खाटेशी वाकले आणि बाबांच्या ओठांपाशी पळी धरली. बाबांनी डोळे उघडले. पळीकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं, आणि दात आवळून ओठ घट्ट मिटले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “कुठला रं पानी?”

नानाकाकांनी पळी तशीच धरून ठेवली, दुसऱ्या हाताने बोट तांब्यात बुडवलं, स्वतःच्या जिभेला लावलं.

“नलाचा हाय, दादा,” ते म्हणाले. “गोडा हाय.”

बाबांनी तोंड उघडलं.